क्रूझ कंट्रोल वेग धरतं कसं, यापेक्षा सोडतं कसं ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: “माझी २०२१ची रॉयल एनफील्ड इंटरसेप्टर ६५० मोटरसायकल आहे. डिसेंबरात बायकोला मागे घेऊन पुण्याहून कन्याकुमारीला जायचंय. दोन-अडीचशे किलोमीटर झाले की उजवं मनगट भरून येतं, बोटांना मुंग्या येतात. बाहेरून क्रूझ कंट्रोल बसवता येईल का? कोणतं घ्यावं? जवळच्या मेकॅनिककडून बसवून घेतलं तर चालेल का?”

बसवता येतं. मी कोल्हापूरला महामार्गालगत गॅरेज चालवतो. वीस वर्षं झाली, त्यातलं निम्मं काम लांबच्या प्रवासाच्या गाड्यांच्या वायरिंगचंच आहे: जादा दिवे, चार्जर, गरम मुठी आणि अधूनमधून क्रूझ. बसवलेली क्रूझ मी काढूनही दिली आहेत, आणि काही लोकांना बसवून द्यायला सरळ नाही म्हटलं आहे. त्यामुळे उत्तर जरा लांब होईल.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. एक, हात दुखतो. दोन, गाडीने एकच वेग धरून चालावं. पहिल्यावर क्रूझ हा उपाय असेलच असं नाही. हात कशाने दुखतो ते न शोधता किट बसवलं, तर क्रूझ लावता येणार नाही अशा रस्त्यावर हात पुन्हा तसाच दुखेल, आणि आपल्याकडे तसे रस्तेच जास्त आहेत. म्हणून आधी हाताचं बोलू.

मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात ते बघा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर किंवा कोपरापाशी दाब येतोय. तिथून अल्नर नस जाते. लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांनाही हाच त्रास होतो. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर मीडियन नस दबतेय, म्हणजे मनगट फार वेळ मागे मोडलेलं राहतंय. गाडीवरून उतरून दोन दिवस झाले तरी मुंग्या जात नसतील, तर मेकॅनिककडे येण्याआधी डॉक्टरकडे जा.

मनगट मोडण्याचं कारण बऱ्याचदा लिव्हरच्या कोनात असतं. गाडीवर तुम्ही रोज बसता तसे बसा, डोळे मिटा, हात सैल सोडून मुठीवर ठेवा आणि दोन बोटं ब्रेकच्या लिव्हरवर न्या. कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेघ झाली पाहिजे. बोटं वर उचलावी लागत असतील तर लिव्हर वर आहे, खाली फिरवून घ्या. पाच मिनिटांचं काम. एवढ्यावरच माझ्याकडून खूश होऊन परत गेलेले लोक बरेच आहेत.

दुसरं, रेसची केबल. ती कोरडी पडली असेल, कुठे दुमडली असेल किंवा टाकी बसवताना खाली दबली असेल, तर मूठ जड होते. दिवसभर जड मूठ पिळून धरणं म्हणजे दिवसभर ओला टॉवेल पिळून धरण्यासारखं आहे. केबल काढून तेल घाला, वाट मोकळी करा, मुठीला दोन-तीन मिलिमीटरचा मोकळा खेळ ठेवा. पण “स्प्रिंग हलकी करून देतो” असं कोणी म्हटलं तर गाडी तिथून काढा. ती स्प्रिंग तुम्ही मूठ सोडल्यावर रेस बंद करते. तिला कोणीही हात लावू नये, मीसुद्धा.

तिसरं, वारा. इंटरसेप्टर उघडी गाडी आहे. ऐंशीच्या वेगात वारा छातीवर ढकलतो आणि माणूस नकळत हॅण्डलला लटकतो. गुडघ्यांनी टाकी धरून पाठीवर जोर घेतला की हात सैल पडतात. छोटा विंडस्क्रीन लावला तर फरक त्याच दिवशी कळतो.

आणि चौथं. तुमची टाकी १३.७ लिटरची आहे. लिटरला पंचवीसच्या आसपास धरलं तरी अडीचशे-पावणेतीनशेला पंप शोधावाच लागतो. मग शंभर-सव्वाशेला पहिला थांबा घ्या, हात झटका, पाणी प्या. मागे बसणाऱ्यालाही ते हवंच असतं, फक्त तो बोलत नाही.

एवढं सगळं करूनही, सरळ मोकळ्या रस्त्यावर तासन्‌तास मूठ एकाच जागी धरून हात आखडत असेल, तर आता क्रूझचं बोलू.

बाजारात “क्रूझ” या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली मूठ अडकवून ठेवते, तिला थ्रॉटल लॉक म्हणतात. दुसरी वेग मोजते आणि तो टिकवायला रेस कमी-जास्त करते. खरी क्रूझ कंट्रोल म्हणजे ही दुसरी. पहिलीत वीज नाही, वायर नाही, काही हजारांत काम होतं. ती मुठीची जागा धरते, वेग धरत नाही. चढ आला की गाडी मंदावते, उतार आला की पळते. क्रूझ कंट्रोलचं १९५०चं पेटंट ज्यांच्या नावावर आहे ते अमेरिकेतले राल्फ टीटर लहानपणापासून अंध होते. गाडी चालवणाऱ्याच्या पायाखाली वेग सारखा कमी-जास्त होतो हे त्यांना बसल्या जागी जाणवायचं आणि त्याचा त्रास व्हायचा. १९५८मध्ये क्रायस्लरने ती यंत्रणा गाड्यांत दिली. तेव्हापासून क्रूझ म्हणजे वेग धरणं. मूठ धरणं ही सोय आहे, क्रूझ नव्हे.

तरी थ्रॉटल लॉकला मी नावं ठेवत नाही. नीट बनवलेला आणि नीट बसवलेला लॉक तुमच्यासारख्या केबलवाल्या गाडीला पुरतो. अ‍ॅटलस, काओको असे घर्षणावर चालणारे लॉक चांगले आहेत. मुठीला थोडा अडसर होतो, मूठ आहे तिथे थांबते. हात काढून खांदा मोकळा करता येतो. पण लावल्यावरसुद्धा हाताने मूठ दोन्ही बाजूंना फिरली पाहिजे, लॉकचं बटण न सोडता. लॉक लावलेला असताना मूठ बंद करायला मनगटाला जोर काढावा लागला, तर तो लॉक ढिला करा किंवा परत करा. लॉक उघडा असताना मूठ पूर्ण पिळून सोडली की टक्‌ आवाज करत जागेवर आली पाहिजे. हळूच सरकत आली तर कुठेतरी घासतंय. बहुतेक वेळा मुठीचं रबर आणि टोकाचं वजन यांच्यामध्ये फट उरलेली नसते.

ब्रेकच्या लिव्हरला टेकवून मूठ अडवणारी प्लास्टिकची क्लिप मात्र मी बसवत नाही. लिव्हरवर हलका दाब राहिला तर ब्रेकलाइट पेटलेलाच राहतो, मागच्याला तुम्ही कधी ब्रेक मारताय ते कळत नाही. आणि जी लिव्हर संकटात ओढायची, तिच्यावर दुसरं काही टेकलेलं मला चालत नाही.

लॉकचा धोका नीट समजून घ्या. साध्या गाडीवर हात सुटला की रेस बंद होते. लॉक लावल्यावर हात सुटला तरी रेस चालूच राहते. कुत्रं आडवं आलं, तुम्ही ब्रेक ओढला, पण मूठ बंद करायची राहिली, तर इंजिन ब्रेकच्या विरुद्ध ढकलत राहतं. म्हणून लॉक बसवला की मोकळ्या मैदानात जा आणि “मूठ पुढे, बोटं लिव्हरवर” ही एकच हालचाल पन्नास वेळा करा. विचार न करता हात ती करायला लागला की मगच महामार्गावर लॉक लावा.

आता खरी क्रूझ. केबलवाल्या गाडीला ती बसवायची तर रेस ओढणारा एक यांत्रिक हात लागतो, त्याला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. तो इंजिनच्या व्हॅक्यूमवर (इंजिन हवा आत खेचताना होणाऱ्या ओढीवर) चालतो किंवा विजेच्या मोटरवर. शिवाय वेग सांगणारा सेन्सर, ब्रेकची खबर देणारी वायर, क्लचची खबर, हॅण्डलवर बटणं आणि या सगळ्यांचा कारभार बघणारा एक डबा. अमेरिकेतल्या टूरिंगवाल्यांनी वर्षानुवर्षं मोटारींसाठी बनलेलं ऑडिओव्हॉक्सचं किट आपल्या मोटरसायकलींना जुळवून लावलं. ते आता बनत नाही. ऑस्ट्रेलियातली एमसीक्रूझ खास मोटरसायकलींसाठी, मॉडेलप्रमाणे किट बनवते. तुमच्या मॉडेलसाठी तयार किट मिळत असेल तर तेच घ्या. मोटारीचं किट जुळवून लावणं शक्य आहे, मी केलं आहे, पण ते पहिल्याच कामाला हाती घेण्यासारखं नाही.

व्हॅक्यूमची एक खोड आहे. रेस जितकी जास्त उघडी, तितका व्हॅक्यूम कमी. म्हणजे चढावर जेव्हा जास्त ओढायची गरज असते, नेमका तेव्हाच अ‍ॅक्च्युएटर अशक्त होतो. त्यासाठी एका दिशेने हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह आणि साठवणीची छोटी डबी लागते. एका सिलिंडरच्या गाडीला हा त्रास जास्त होतो, तुमच्या दोन सिलिंडरला कमी. विजेची मोटर असली तर हा प्रश्नच येत नाही. मला विचाराल तर मोटरवालं बरं.

आता ज्यावर माझा सगळा भर आहे तिथे येतो. वेग धरण्याचं काम कोणतंही किट करतं. बसवणारा चांगला की वाईट हे ठरतं ते किट सुटतं किती खात्रीने यावरून. एक भाग बिघडला तरी ते सुटलं पाहिजे.

अ‍ॅक्च्युएटरची केबल रेसला जोडताना मध्ये बारीक मण्यांची साखळी असते, चावीच्या किचेनला असते तशी. साखळी ओढता येते, ढकलता येत नाही. त्यामुळे तुम्ही हाताने रेस दिली की साखळी सैल पडते आणि अ‍ॅक्च्युएटरची केबल आड येत नाही. ती बसवताना एक मणी सैल ठेवावा लागतो. ताणून बसवली तर गाडी उभी असतानाच रेस किंचित उघडी राहते. तीन-चार मणी सैल ठेवली तर क्रूझ लावल्यावर गाडी आधी मंदावते आणि मग झटका देऊन उचलते. एका मण्याचा हा हिशेब मी आजही टॉर्च तोंडात धरून, टाकी उचलून, बोटाने साखळी हलवून बघतो.

त्या केबलची वाट तर साखळीहूनही महत्त्वाची. सुरुवातीच्या एका कामात मी ती हॅण्डलच्या मानेपाशी इतर वायरींबरोबर बांधली होती. सरळ रस्त्यावर काहीच जाणवलं नाही. ट्रायलला गेलो, पेट्रोल पंपात शिरताना हॅण्डल पूर्ण उजवीकडे वळवलं आणि रेस आपोआप चढली. वेग दहाचा होता, क्लच दाबला, गाडी थांबली. समोर स्कूटरवर बाप-लेक उभे होते. ते दृश्य डोळ्यांपुढून गेलेलं नाही. त्या दिवसापासून माझ्या गॅरेजमधून केबलला हात लागलेली कोणतीही गाडी बाहेर काढण्याआधी इंजिन चालू ठेवून हॅण्डल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि रेसचा आवाज ऐकायचा. आवाज कणभर बदलला तरी पुन्हा उघडायचं. तुम्ही कोणाकडूनही बसवून घ्या, हे तुमच्यासमोर करायला लावा.

ब्रेकचं. पुढचा आणि मागचा, दोन्ही ब्रेक लावल्यावर क्रूझ सुटली पाहिजे, तीसुद्धा ब्रेकलाइट पेटेल इतक्या हलक्या स्पर्शाने. इथे एक सापळा आहे. ऑडिओव्हॉक्ससारखी जुनी किट ब्रेकच्या वायरवर दोन गोष्टी बघतात: ब्रेक लावला की १२ व्होल्ट, आणि ब्रेक नसताना बल्बच्या तारेतून मिळणारा अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोड). साधा बल्ब असला तर हे जमतं. एलईडी बल्ब असला तर तो अर्थ मिळत नाही आणि क्रूझ लागतच नाही. एका गाडीवर अर्धा दिवस डोकं खाल्ल्यावर मी ब्रेकच्या वायरला मीटर लावला. साध्या बल्बला जिथे मीटर जवळपास शून्य ओहम दाखवतो, तिथे काहीच दाखवत नव्हता. गिऱ्हाइकाने आदल्या महिन्यात मागे एलईडी लावला होता.

त्यावर पाच पिनांचा रिले लावतात: ब्रेक नसताना तो किटला अर्थ देतो, ब्रेक लावला की १२ व्होल्ट. क्रूझ लागायला लागते, बहुतेक जण तिथेच थांबतात. पण त्या रिलेच्या कॉइलची वायर तुटली तर? रिले कायम अर्थ देत राहील. किटला वाटेल ब्रेक लावलाच नाही. म्हणजे क्रूझ सुरू व्हावी म्हणून केलेली दुरुस्ती क्रूझ सुटू देणार नाही. म्हणून मी ब्रेकची खबर दोन वाटांनी देतो. एक वाट डब्याला. दुसऱ्या वाटेत अ‍ॅक्च्युएटरच्या आतल्या क्लचचा (लिव्हरवरच्या क्लचचा नव्हे) वीजपुरवठाच ब्रेक लावला की तुटतो, डब्याला काही कळो वा न कळो. वीज गेली की स्प्रिंग रेस बंद करते. चांगल्या तयार किटमध्ये अशी सोय मुळातच असते. बसवणाऱ्याला विचारा, “ब्रेकची वायर तुटली तर काय होईल?” उत्तर चटकन आणि समजेल असं आलं तर माणूस कामाचा आहे.

क्लचचं कारण वेगळं आहे. क्रूझ लागलेली असताना क्लच ओढला की इंजिनावरचा भार जातो, वेग मात्र घसरायला लागतो. डब्याला वाटतं रेस कमी पडतेय, तो आणखी ओढतो आणि इंजिन किंचाळत वर जातं. मोटारींच्या किटमध्ये इंजिनचे फेरे अचानक वाढले की क्रूझ सुटावी अशी सोय असते, पण मोटरसायकलचं इंजिन मोटारीपेक्षा फार झटकन फिरतं. क्लचच्या लिव्हरवरचा स्विच वापरा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना तो सुरू करण्यासाठी दिलेलाच असतो.

वेगाची खबर घेताना एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरच्या वायरला कधीही काप देऊ नका. १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे ते कारणाशिवाय नाही, आणि त्या वायरीतला संदेश इतका नाजूक असतो की एक ढिला जोडसुद्धा एबीएस बंद पाडू शकतो. चाकाला छोटं लोहचुंबक आणि समोर वेगळा सेन्सर लावा. पुढच्या चाकाला की मागच्या? मी मागच्या म्हणतो. ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरून जास्त फिरलं, तर मागचा सेन्सर वेग वाढल्याचं सांगेल आणि डबा रेस कमी करेल. पुढे सेन्सर असला तर घसरणाऱ्या चाकाला तो रेस देतच राहील. अर्थात पावसात क्रूझ लावायचीच नाही, पण पाऊस विचारून येत नाही.

शेवटी चेन. चेन सैल असेल तर क्रूझ लावल्यावर गाडी उचक्या देते: डबा ओढतो, चेन ताणते, गाडी पुढे जाते, डबा सोडतो, चेन लोंबते. लोक किटला दोष देतात. आधी चेन बघा, मग किटची संवेदनशीलता एक पायरी खाली आणा.

आतापर्यंतचं थोडक्यात: हाताचं कारण आधी, थ्रॉटल लॉक मूठ धरतो आणि बंद करणं तुमच्या सवयीवर सोडतो, खरी क्रूझ वेग धरते पण तिचा सगळा भरवसा केबलची वाट, ब्रेक आणि क्लच यांवर.

राइड-बाय-वायर गाड्यांबद्दल (म्हणजे ज्यांत मूठ केबलऐवजी विजेच्या वायरीने रेस देते) थोडक्यात, कारण तुमची गाडी तशी नाही, पण पुढची असेल. तिथे मुठीत दोन सेन्सर एकमेकांवर नजर ठेवतात, त्यांच्या आकड्यांत तफावत आली की गाडी संशय घेते आणि ताकद कमी करते. म्हणून तिथे वायर कापून जोडकाम करू नका, त्या मॉडेलसाठी बनलेलं कपलरवालं किटच लावा. रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४५०ला राइड-बाय-वायर असूनही कंपनीने क्रूझ दिली नाही, टीव्हीएसच्या आरटीआर ३१० आणि केटीएमच्या २०२५च्या ३९० अ‍ॅडव्हेंचरला दिली आहे, तेव्हा गाडी बदलायचीच असेल तर ती कंपनीचीच क्रूझ असलेली घ्या.

आता रस्ता. तुमच्या मार्गावर क्रूझ किती वेळ लावता येईल ते प्रामाणिकपणे सांगतो. पुण्यातून निघाल्यावर कात्रज, खंबाटकी, मग सातारा-कोल्हापूर पट्ट्यात गेली काही वर्षं रुंदीकरणाची कामं आणि डायव्हर्जन. इथे कोणीही क्रूझ लावू नये. निपाणीजवळचा तवंदी घाट गेला की रस्ता सुटसुटीत होतो. हुबळीच्या पुढे, चित्रदुर्ग ते तुमकूर, तिथे खरी मजा आहे, पण चित्रदुर्गाजवळ पवनचक्क्या दिसायला लागल्या की आडव्या वाऱ्यासाठी दोन्ही हात मुठीवर हवेत. बंगळूर ओलांडून होसूर, कृष्णगिरी. धर्मपुरी आणि सेलमच्या मध्ये तोप्पूरचा उतार लागतो, अवजड ट्रकांच्या अपघातांसाठी बदनाम आहे. उतारावर क्रूझ फक्त रेस बंद करू शकते, ब्रेक लावू शकत नाही, त्यामुळे तिथे ती काढून दुसऱ्या-तिसऱ्यात उतरा. सेलम-मदुराई आणि मदुराई-तिरुनेलवेली हे पट्टे पुन्हा चांगले. शेवटी नागरकोईलच्या अलीकडे मुप्पंदलला पुन्हा पवनचक्क्या, आणि तिथला वारा गाडी लेनभर सरकवतो. सगळं धरून पंधराशेच्या आसपास किलोमीटर होतात, त्यातले तीन-चारशेसुद्धा क्रूझवर गेले तर खूप झालं. विरुद्ध दिशेने येणारी दुचाकी, मागचा दिवा नसलेला ट्रॅक्टर, डिव्हायडरमधल्या फटीतून वळणारा टेम्पो, हे सगळं आपल्या महामार्गावर दिवसाढवळ्या आहे. मोकळा रस्ता, कोरडा, दिवस, वेग ऐंशीच्या आत, आणि क्रूझ लावली तरी दोन बोटं ब्रेकवर. रात्री नाही.

मागे वहिनी असतील, म्हणून एक गोष्ट. क्रूझ ब्रेकने सोडली की रेस एकदम शून्यावर जाते. दोन सिलिंडरच्या गाडीला इंजिन-ब्रेक चांगला असतो, मागच्या माणसाचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आदळतं. घाई नसेल तेव्हा आधी हाताने मूठ जितकी उघडी हवी तितकी घ्या आणि मग बटणाने क्रूझ सोडा. गाडी सपाट चालत राहते, मागे कळतही नाही. सरावाच्या दिवशी त्यांनाही बरोबर न्या, म्हणजे दोन-चार धक्के मैदानातच होऊन जातील.

जवळच्या मेकॅनिकचं विचारलंत. थ्रॉटल लॉक कोणीही चांगला माणूस बसवेल, तुम्ही स्वतःही बसवू शकता. इलेक्ट्रॉनिक किटसाठी असा माणूस शोधा जो जोड टेप गुंडाळून करत नाही. क्रिंप (दाबून पक्का केलेला जोड), हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), पाणी न शिरणारे कपलर, इग्निशनवर चालणारा रिले आणि बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज. आमच्याकडे आंबोलीच्या पावसातून आलेल्या गाड्यांचे टेपवाले जोड उघडले की आत हिरवी बुरशी धरलेलं तांबं निघतं. ज्या जोडावर ब्रेकची खबर अवलंबून आहे तो असा असून चालत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि बिल जपून ठेवा.

तुमच्या जागी मी असतो तर डिसेंबरच्या या प्रवासासाठी इलेक्ट्रॉनिक किटच्या मागे लागलो नसतो. लिव्हरचा कोन, केबल, छोटा विंडस्क्रीन आणि एक चांगला घर्षणाचा लॉक. ते लावून आधी पुणे ते कोल्हापूर एक फेरी मारा. परत आल्यावरही हात तितकाच दुखत असेल, तर किटचं बोलू, आणि त्यासाठी दोन महिने हाताशी ठेवा. नवीन किटवर थेट कन्याकुमारी करू नये. किट बसवलंत तर रोज सकाळी निघताना, पहिल्या मोकळ्या सरळ रस्त्यावर, तीन गोष्टी करा: क्रूझ लावा, पुढचा ब्रेक हलका शिवा, सुटली पाहिजे. पुन्हा लावा, मागचा. पुन्हा लावा, क्लच. यातलं एक जरी चुकलं तर त्या दिवशी फ्यूज काढून खिशात ठेवा.

आणि काही विकत घेण्याआधी एवढं कळवा: मुंग्या करंगळीच्या बाजूला येतात की अंगठ्याच्या?